खिडकीपाशी थोडी उभी राहा

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘मॅडम, रुग्णालयाच्या संगणकातला सगळा डेटा घाण आहे, साफ करायला घेते’ असं लिहिलंस. थोडी थांब. त्याआधी चार दिवस केस पेपरच्या खिडकीपाशी उभी राहा.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे त्याच रांगेत असतात. बऱ्याच तेलुगू घरांत आडनाव आधी लावायची रीत, खिडकीतला मुलगा तेच नाव समजतो. अक्कलकोटकडची आजी लक्ष्मव्वा सांगते, आधारवर लक्ष्मीबाई असतं, आणि घाईत टाइप करताना तिसरंच काही उमटतं. आजी एक, फाइली तीन, आणि पेनिसिलिनच्या रिॲक्शनची नोंद त्यातल्या एकीतच. फाइली जोडायलाच हव्यात, पण फार जपून. तरुणपणी मी नाव, वय, वस्ती जुळली म्हणून दोन बायकांच्या फाइली एक केल्या होत्या. दोघींचं वय 45 लिहिलेलं, खरं वय दोघींनाही ठाऊक नव्हतं. एकीचा मधुमेह दुसरीच्या नावावर गेला. इन्सुलिन देण्याआधी सिस्टरने बाईला विचारलं म्हणून निभावलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून 45, 50, 60 अशी गोल वयं दिसली की तो अंदाज धर. 1 जून ही बहुधा शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली जन्मतारीख, 1 जानेवारी बहुधा संगणकाने स्वतःच भरलेली. मोबाइल नंबर मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो. 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, असला तर उत्तम, पण तो सगळ्यांकडे नसतो.

एका वॉर्डात ओळीने सगळ्यांचं बीपी 120/80 आहे, म्हणतेस. सिस्टरवर चिडू नकोस. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतं का, ते आधी बघ. रकाना सक्तीचा आणि मशीन एकच असेल, तर तिने काय करावं? ‘मोजलं नाही’ असं लिहायची सोय करून घे. ॲलर्जीचंही तेच. ‘विचारलं, नाही म्हणाले’ आणि ‘विचारलंच नाही’ या दोन वेगळ्या नोंदी हव्यात.

शुगरच्या रकान्यात 7.2 दिसलं की उडवू नकोस. एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीचा, आकडा चुकून तिथे पडला असेल, किंवा मशीन मिलिमोल या दुसऱ्या मापात सांगत असेल, मग 18 ने गुणलं की आपल्या नेहमीच्या मिलिग्रॅमच्या मापात साधारण 130 येतं. मूळ आकडा तसाच राहू दे. दुरुस्ती शेजारी लिही, कोणी केली आणि का केली तेही.

वेळेची नोंदही जप. बॉस्टनच्या दोन रुग्णालयांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2018 मध्ये आला. रुग्ण तीन वर्षं जगेल का, हे ओळखताना 174 पैकी 118 चाचण्यांत रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा चाचणी कधी झाली हीच माहिती जास्त उपयोगी ठरली. रात्री तीनला कोणी उगाच रक्त काढत नाही ना! म्हणून रक्त काढल्याची वेळ आणि एंट्री मारल्याची वेळ वेगवेगळी ठेव. ड्युटी संपताना चार तासांची टेम्परेचर एका दमात भरली जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट. व्यवसायाचा रकाना. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन देतात. खिडकीवर ‘काय करता?’ विचारलं की ‘घरीच असते’ म्हणतात, आणि नोंद होते ‘गृहिणी’. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसलेल्या बाईचा खोकला मग कुठल्याच तक्त्यात तिच्या कामाशी जोडला जात नाही. यंत्रमागावरच्या माणसापुढे ‘इतर’ लिहिलं की कापसाच्या धुळीचंही तसंच होतं. हे संगणकावर बसून दुरुस्त होणार नाही. ‘घरी विड्या वळता का?’ हा एक प्रश्न खिडकीवरच विचारला गेला पाहिजे, आणि जमेल तिथे त्यांच्या भाषेत.

सोमवारी गर्दी असते, त्याच दिवशी जा. ‘गृहिणी’ लिहिलेल्या किती जणींना तू हे विचारलंस आणि त्या काय म्हणाल्या, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मॅडम