नाईल क्रूझवरची सगळी देवळं एकसारखीच वाटतात का? दिवस कमी आहेत, आस्वानजवळचं फिलेचं देऊळ टाळलं तर चालेल का?

नाही, फिले अजिबात टाळू नका. वेळ कमी पडत असेल तर बाजारातली खरेदी टाळा.

आम्ही लक्सरहून आस्वानला चार रात्रींच्या क्रूझने गेलो होतो, घरचेच आठ जण. आधी लक्सरच्या कर्नाक देवळाचे 134 खांब, मग एडफू, मग कोम ओम्बो. आस्वान येईपर्यंत निम्मी मंडळी दमली. नाश्त्याला आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, फिले सोडून देऊ. मूळ जागेवरचं नाहीच ते. उचलून आणून मांडलेल्या देवळात बघायचं काय?" झालं, चौघं बोटीवरच थांबले.

मला ते फार लागलं. माझं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं. मूर्ती आजोबांनी बैलगाडीतून नव्या गावठाणात आणली, देऊळ मात्र तिथंच राहिलं. पळसदेवच्या पाण्यातल्या देवळाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, आमचं त्याहून पुष्कळ लहान. उन्हाळ्यात धरण उतरलं की भिंती उघड्या पडायच्या आणि आई काठावरूनच हात जोडायची. त्या भिंतींवर गाळाची आडवी रेघ असायची.

फिलेच्या दगडांवरही पाण्याची तशीच काळपट रेघ आहे. 1902 च्या जुन्या आस्वान धरणामुळे हे देऊळ वर्षातले कित्येक महिने पाण्यात उभं असे, त्यात रंग धुऊन गेले. पुढे मोठं धरण झालं तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत देवळाभोवती बांध घालून पाणी उपसलं, 40 हजारांच्या आसपास दगड सुटे केले आणि शेजारच्या आगिल्किया बेटावर पुन्हा रचले. 1980 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. उजनीही त्याच सुमारास भरलं. मी त्या रेघेसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी मिस्टर बोलवायला आले.

फिलेत रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाचा दरवाजा आहे. त्यावर इ.स. 394 सालचा लेख आहे, हायरोग्लिफिक म्हणजे जुन्या इजिप्तच्या चित्रलिपीतला, आजवर सापडलेल्यांपैकी शेवटचा. दगड तेच आहेत, अक्षरं तीच आहेत. याला नकली म्हणायचं?

सारखेपणाचं म्हणाल तर एडफू वाळूत गाडलं गेल्यामुळे छपरासकट शाबूत आहे, आत खरोखर अंधार असतो. कोम ओम्बोत मगरमुखी सोबेक आणि ससाणामुखी होरस असे दोन देव, म्हणून दारं दोन आणि गाभारेही दोन. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर गोंधळ होत नाही.

फिलेला शेलालच्या धक्क्यावरून नावेने जावं लागतं, भाडं आधी ठरवून घ्या. गुडघे दुखत असतील तर नावेत चढता-उतरताना कुणाचा तरी हात धरा. जून-जुलैत जाणार असाल तर मात्र सकाळी लवकर उरका, दुपारी बाहेर पडूच नका.

आणि हो, तेच भाऊजी दुसऱ्या दिवशी अंधारात उठून, 280 किलोमीटर बस करून अबू सिम्बेलला गेले आणि भारावून परतले. ते देऊळ तर 1964 ते 1968 मध्ये कापून 65 मीटर वर नेलेलं आहे. मग फिलेनेच काय घोडं मारलं होतं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.