फोन वाजतोय, उचलू की नको? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात खाली दोन ओळी टाकल्या होत्या की फसवणुकीचे फोन येत असतील तर लिहा, वाटलं चार-पाच पत्रं येतील, पण बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर सगळीकडनं एवढी आली की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. निम्मी तर व्हॉइस मेसेज म्हणून आली, ती बसून लिहून काढली. नावं कुणाचीच देत नाही, कारण आपल्याकडे फसलेल्या माणसाला आधी गल्ली हसते मग पोलीस विचारतात, हे मी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं बसून बघितलंय.

प्रश्न : ताई, गेल्या आठवड्यात आमच्या सासूबाईंना फोन आला की लाईट बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कट होणार. आमचं बिल कन्नडमध्ये येतं, सासूबाई कन्नड झकास बोलतात पण वाचता येत नाही, त्यामुळे बिल भरलंय की नाही तेच त्यांना कळंना. घाबरून त्या माणसानं पाठवलेलं ॲप डाउनलोड करायला लागल्या होत्या, तेवढ्यात मी गिरणीतनं दळण घेऊन आले म्हणून वाचलो. असला फोन खरा की खोटा कसं ओळखायचं?
– अनगोळ

उत्तर : दळणानं वाचवलं म्हणायचं! फोन कुठल्या भाषेत होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावते हिंदीत होता. आता आठवून बघा, हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा माणूस दारात येतो तेव्हा काय बोलतो, 'वैनी, बिल कट्टिल्ल री' (बिल भरलं नाही हो) म्हणून कन्नड-मराठीची मिसळच करतो की नाही. 'मॅडमजी आपका मीटर' म्हणणारा लाईनमन अनगोळात मी तरी बघितला नाही. आपण सीमाभागातली माणसं तीन-तीन भाषांत जगतो, त्याचा कधी नव्हे तो एवढा तरी फायदा घ्या. पण नुसत्या भाषेवर विसंबू नका, चोराला कन्नड शिकायला कितीसा वेळ लागतो. आणि हा धंदा कुठंतरी लांब चालतो असं पण समजू नका, २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या बेळगावातच पोलिसांनी बोगस कॉल सेंटर पकडलं, तिथं बसून अमेरिकेतल्या लोकांना गंडवणं चाललं होतं.

खरी खूण म्हणजे ते ॲप. बिल भरायला कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवत नाही. नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाइल आली, मग ती लाईट बिलाची असो, गाडीच्या दंडाची असो नाहीतर लग्नपत्रिकेची असो, हात लावायचा नाही, ती एकदा आत बसली की तुमचे ओटीपीचे मेसेज परस्पर तिकडे जातात. स्क्रीन शेअर करायला लावणारं ॲपही तसलंच, तुम्ही फोनवर जे बघता ते सगळं त्याला दिसतं. चुकून टाकलंच असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरनं बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा, फोनची साफसफाई नंतर. बिलाची शंका असेल तर आपण होऊन १९१२ ह्या वीज तक्रारीच्या नंबरला फोन लावायचा. आणि सासूबाईंसाठी एक साधं करा, दर महिन्याला बिल भरलं की त्यावर स्केचपेननं मोठ्या मराठी अक्षरात 'भरलं' लिहून फ्रिजवर चिकटवा. माझ्या आईच्या घरी हेच केलं, तेव्हापासनं तीच फोनवाल्याला तारीख सांगते.

प्रश्न : वय ७१, सरकारी नोकरीतून निवृत्त. मुंबई कस्टममध्ये माझ्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात पासपोर्ट आणि ड्रग्ज सापडलेत असा फोन आला. माझा आधार नंबर त्यांनी बरोबर सांगितला. मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला ऑफिसर, मागं अशोकस्तंभाचा बोर्ड, म्हणाला तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीच्या बाहेर जायचं नाही, बायकोला पण सांगायचं नाही. अडीच तास मी तसाच बसलो होतो. शेवटी हिनं चहा घेऊन दार वाजवलं आणि 'एवढं कुणाशी बोलूलायसा' म्हणून फोन हिसकावून बंद केला. पैसे गेले नाहीत, पण दारात गाडी थांबली तरी अजून छातीत धस्स होतं. खरंच केस झाली असली तर?
– टिळकवाडी

उत्तर : काका, आधी काकूंना माझा नमस्कार सांगा. केस झालेली नाही, होणारही नाही. डिजिटल अरेस्ट नावाचं काही आपल्या कायद्यातच नाही, २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः हेच सांगितलं होतं. सुप्रीम कोर्टानं तर जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनाच बजावलंय की हजर राहायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. म्हणजे जिथं साधी नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही तिथं अटक कसली चालणार? मुंबईच्या पोलिसांना तुमच्याकडे खरंच काम असलं तर ते इथल्या ठाण्याला कळवतील, ठाण्याचा माणूस कागद घेऊन घरी येईल, आणि टिळकवाडीतला असेल तर चहाही घेऊन जाईल.

आधार नंबर बरोबर सांगितला म्हणून तुम्ही हबकलात ना? आपण आधारची झेरॉक्स कुठं कुठं दिलीय ते एकदा मोजा. सिमकार्ड, गॅस, लॉज, सोसायटी, कर्जाचा फॉर्म. ती झेरॉक्स गावभर फिरलेली असते, त्यामुळे नंबर बरोबर असणं हा कसलाच पुरावा नव्हे. तुमचा फोन आधी बंद झाला म्हणून पुढचं राहिलं, नाहीतर पुढं ते 'तपासणीसाठी सगळे पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, क्लिअर झाले की परत येतील' म्हणतात. मी बँकेत जन्म काढलाय म्हणून सांगते, रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांचं खातं ठेवत नाही, तपासणीला पैसे मागवणं तर सोडाच.

आता जरा जड बोलते. ह्या सगळ्या नाटकात वर्दी, बोर्ड, पार्सल हे वरवरचं, खरं हत्यार म्हणजे 'कुणाला सांगू नका'. माणूस खोलीत एकटा पडला की त्याची अक्कल पण एकटी पडते. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या एका वयस्कर जोडप्यानं असल्याच लोकांच्या छळाला कंटाळून जीव दिला, पैसे देत गेले तरी मागणी थांबली नव्हती. ती बातमी वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. म्हणून फोनवर कुणीही 'घरात सांगू नका' म्हणालं की त्याच मिनिटाला हाक मारायची, बायकोला, पोराला, नाहीतर शेजारच्या पाटलांना, आणि लोक हसले तर हसू द्यात.

पैसे गेले नसले तरी तक्रार द्या, नंबर आणि स्क्रीनशॉट घेऊन सीईएन पोलीस ठाण्यात जा, सायबर गुन्ह्यांचं काम तेच बघतात. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथंही तो नंबर कळवता येतो. तिथंच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघून घ्या, एका माणसाला नऊपर्यंत परवानगी आहे, अनोळखी दिसलं तर 'हा माझा नंबर नव्हे' म्हणून कळवा. एवढं हातानं केलंत की गाडीच्या आवाजाची भीती पण उतरेल बघा.

प्रश्न : डीएनडी (जाहिरातीचे फोन बंद करायची सोय) लावून वर्ष झालं तरी दिवसाला सात-आठ फोन, पर्सनल लोन घ्या, प्लॉट घ्या, क्रेडिट कार्ड घ्या. मग डीएनडीचा उपयोग काय? माझ्याकडे दोन सिम आहेत, एक निपाणीचं आणि एक कोल्हापूरला कॉलेजला होतो तेव्हाचं.
– निपाणी

उत्तर : डीएनडी कुठल्या सिमवर लावलंय? ते माणसावर लागत नाही, नंबरवर लागतं, त्यामुळे दोन्ही सिमवरनं वेगवेगळा 'स्टार्ट ०' असा इंग्रजीत मेसेज १९०९ ला पाठवावा लागतो. निपाणी-कागल पट्ट्यात अर्ध्या लोकांच्या खिशात दोन राज्यांची सिम असतात आणि एकच बंद करून सगळे बसतात.

दुसरं असं की डीएनडी ऐकतात ते नोंदणी केलेले टेलिमार्केटर, त्यांचे नंबर १४० नं सुरू होतात. साध्या दहा आकडी मोबाईलवरनं लोन विकणारा नोंदणीच करत नाही, तो कसला डीएनडी बघतोय. त्याच्यासाठी तक्रार हाच उपाय आणि लोक नेमका तिथंच कंटाळा करतात. ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या डीएनडी ॲपवर नाहीतर १९०९ ला, फोन आल्यापासनं सात दिवसांत तक्रार करायची, २०२५ च्या फेब्रुवारीत नियम बदलले, आधी तीनच दिवस होते. त्याच बदलात हे पण झालं की दहा दिवसांत एकाच नंबरवर पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते, पूर्वी सात दिवसांत दहा लागायच्या. म्हणजे तुमच्या कट्ट्यावरची पाच पोरं, एकच नंबर सगळ्यांना छळत असेल तर, काम करू शकतात. बँकांचे कामाचे फोन आता १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरनं यायला लागलेत, पण तसला नंबर दिसला तरी ओटीपी सांगायचा नाही तो नाहीच.

प्रश्न : चार माग आहेत, साड्यांचा धंदा. एकानं फोन केला, आर्मीतला आहे, कॅम्पातल्या कार्यक्रमाला वीस साड्या पाहिजेत, ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला. क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील म्हणाला. १८,४०० गेले. बँकेत गेलो तर दोन दिवस उद्या या, उद्या या चाललंय. पैसे मिळतील काय?
– वडगाव

उत्तर : दादा, हे वाचताना चहा ठेवून १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, मग पुढचं वाचा. चोरलेले पैसे तासाभरात चार-पाच खात्यांत फिरतात, मधल्या एखाद्या खात्यात असतानाच अडवले तर अडवले, म्हणून पहिला फोन बँकेला नव्हे, १९३० ला. तुम्हाला दोन दिवस झालेत, तरीही लावा, थोडेफार कुठंतरी अडकलेले असू शकतात. जवळ घेऊन बसा : व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, त्याचा फोन नंबर, क्यूआरचा स्क्रीनशॉट. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पण तक्रार होते.

बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी 'उद्या या' ला काही अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला होता, तुमची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड ग्राहकावर नाही. तुमच्या बाबतीत पिन तुम्हीच टाकलाय, तो नियम तुमच्या बाजूनं पूर्ण उभा राहणार नाही, खोटी आशा लावत नाही. पण कळवल्यानंतर जर आणखी पैसे गेले तर ते बँकेच्या माथ्यावर, म्हणून पोच पाहिजेच.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि 'आर्मी' शब्दावर आपण का विरघळतो ते मला कळतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, प्रत्येक गावात एक तरी फौजी, त्यामुळे मिलिटरीवाला म्हटलं की आपण हिशोबच करत नाही. तो हलकट ते ओळखून होता. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, कॅम्पात आहात ना मग दुकानात या, जवळच तर आहे.

आणखी एक, आता महिन्याभरात तुम्हाला 'तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा' असा फोन यायची शक्यता आहे. ते त्याचेच भाऊबंद.

प्रश्न : मित्रानं पाच हजार देतो म्हणून माझं खातं आणि एटीएम मागितलं, दिलं. आता खातं फ्रीज झालंय आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस आलीय. घरी सांगितलेलं नाही. वय २०.
– हिंडलगा

उत्तर : घरी आजच सांग. वडगावच्या दादांचे पैसे ज्या चार-पाच खात्यांतनं फिरतात ना, त्यातलं एक तुझ्यासारख्या पोराचं असतं. हे गमतीचं नाही, गुन्ह्यात नाव येऊ शकतं. वकील गाठ, मित्राबरोबरचे सगळे मेसेज जपून ठेव, काही डिलीट करू नकोस, आणि नोटीस खरी आहे की नाही ते आधी इथल्या ठाण्यात दाखवून घे. खरी असेल तर पळू नकोस, जाऊन जबाब दे.

प्रश्न : ट्रूकॉलरवर बँकेचं नाव आलं म्हणजे फोन बँकेचाच ना?
– संकेश्वर

उत्तर : नाही. तिथलं नाव लोकांनी सेव्ह केलेलं असतं, मी माझ्या नंबरला कमिशनर म्हणून नाव देऊ शकते.

प्रश्न : आमची आज्जी कुणाचाही फोन मधेच ठेवत नाही, म्हणते बरं दिसत नाही, समोरचा बिचारा 'अम्मा अम्मा' करत असतो. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अडकलेत म्हणून परवा एक जण अर्धा तास बोलला, ओटीपी मागितल्यावर मी फोन घेतला. तिला कसं समजावू?
– नंदगड

उत्तर : समजावू नकोस, त्या वयात स्वभाव बदलत नाही, आणि का बदलावा. तिला फोन टाळायला एक वाक्य दे. माझी आई कानडी मुलखात साठ वर्षं काढलेली बाई, असा फोन आला की म्हणते, 'थांब बाळा, चष्मा आणते', आणि फोन पोळपाटावर ठेवून खरंच चष्मा शोधायला जाते. चष्मा गळ्यातच असतो. परवा एकानं बावीस मिनिटं वाट बघितली.