स्नोमोबाइल: कागदावरची आणि बर्फातली ताकद

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर धावणारी गाडी; तिच्या ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला साधारण १६५ हॉर्सपॉवर म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण हा आकडा क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा, समुद्रसपाटीच्या हवेतला. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसेल तर दर ३०० मीटर उंचीला जवळपास ३ टक्के ताकद जाते. ३,००० मीटरवर उरतात ११५ ते १२०, आणि त्यातूनही बेल्ट, चेनकेस (ताकद पुढे नेणारी साखळी), ट्रॅक (बर्फावर फिरणारा रबरी पट्टा) आपापला वाटा घेतात.

म्हणून गाडी हातात आली की लगेच एक्झॉस्ट पाइप बदलायच्या मागे लागू नका. आधी क्लच बघा, म्हणजे बेल्टने जोडलेल्या, वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलणाऱ्या दोन पुल्या. खोल बर्फात, चढावर, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा कुठे स्थिरावतो? इंजिनाची कमाल ताकद ८,००० आरपीएमच्या आसपास असेल आणि काटा ७,६०० वरच अडकत असेल, तर टू-स्ट्रोकचा तो अरुंद पॉवरबँड, म्हणजे पूर्ण ताकद देणारा आरपीएमचा पट्टा, तुम्हाला मिळतच नाहीये. अशा वेळी पुढच्या, इंजिनाकडच्या क्लचमधली वजनं हलकी करा. उंचीवर ते करावंच लागतं. काटा उलट फार वर पळत असेल तर वजनं कमी पडतायत. मात्र पाइप नीट तापल्याशिवाय हे जोखू नका, थंड पाइपवरचं आरपीएम फसवं असतं.

पेट्रोलच्या ऑक्टेनमध्ये काटकसर तर अजिबात नको, डेटोनेशनने (इंधन अवेळी भडकल्याने) पिस्टन वितळतो.

कायम उंच डोंगरातच फिरणार असाल तर कारखान्यातूनच टर्बो लावलेली गाडी घ्या, असं मी मनापासून सांगेन. स्की-डूची २०२० मॉडेलची ८५० ई-टेक टर्बो कंपनीच्या दाव्यानुसार सुमारे २,४०० मीटरपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवते.