‘खोटं तर काही लिहिलं नव्हतं, मावशी’

कृष्णाकाठच्या एका गावातून 34 वर्षांच्या गृहिणीचं पत्र आलंय. शेजारची मैत्रीण सकाळी धुणं घेऊन घाटावर गेली ती परतलीच नाही. बादली आणि साबण पायरीवर तसेच राहिले. पाचव्या दिवशी खालच्या बंधाऱ्याजवळ जलपर्णीत ती सापडली. शोध चालू असताना हिनं बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘आदल्या रात्री त्यांच्यात भांडण झालं होतं.’ दोन दिवसांत त्याचं ‘नवऱ्यानंच ढकललं’ झालं, मग ‘कुणाचा तरी हात धरून निघाली होती’ असंही झालं. आता नवरा हिच्याकडं बघत नाही. रोज वेणी घालून घ्यायला येणारी त्यांची सात वर्षांची लेक यायची बंद झाली. ‘मी खोटं काही लिहिलं नव्हतं, मावशी. तरी झोप लागत नाही.’

बाळ, खोटं लिहिलं नव्हतंस, हे मला मान्य आहे. पण ऐकलेलं सांगायची जागा चुकली, आणि ती अजून सुधारता येते. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद आहे, म्हणतेस. मग तपासी अंमलदाराकडं जा आणि जबाब दे. किती वाजता आवाज आला, कुणाचा आला, कुठले शब्द कानावर पडले, एवढंच सांग. भांडण कशावरून झालं ते ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हण.

गप्प बस, असं मी तुला कधीच सांगणार नाही. आपल्याकडं बायका विहिरीत, नदीत खरंच ढकलल्या गेल्यात आणि ‘पाय घसरला’ म्हणून गावानं ते पचवलंय. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून चौकशीची तरतूद कायद्यात आहे, ती उगाच नाही. तेव्हा शंका यावी. पण तिला पंचनाम्यातून, शवविच्छेदनातून, उलटतपासणीतून जावं लागतं. ग्रुपवर तिला कुणी अडवत नाही.

‘चार दिवस जिथं गळ टाकले तिथंच पाचव्या दिवशी कशी सापडली? अंगावर जखमा कशा?’ लोकांचे हे प्रश्न तू लिहिलेस. बुडालेलं शरीर बहुतेकदा आधी तळाला जातं. आत वायू साठला की वर येतं, आणि त्याला दिवस लागतात. पाणी गार असेल तर जास्तच. तळाच्या दगडांनी, मासे-खेकड्यांनी जखमा होतात. त्या जिवंतपणीच्या की नंतरच्या, हे डॉक्टर बघतात, मोबाईलवरच्या फोटोत ते दिसत नाही. शेवाळलेली पायरी, वाळू उपशानं घाटापुढंच झालेला खड्डा, वर पाणी सोडल्यावर वाढलेली ओढ, भिजून जड झालेलं लुगडं. पोहता येणारी बाईसुद्धा यात जाऊ शकते. तुझ्या मैत्रिणीचं असंच झालं, असं मी म्हणत नाही. मी तिथं नव्हते, आणि ग्रुपवरचंही कुणी नव्हतं.

इंग्लंडात लँकेशायरमध्ये 2023 च्या 27 जानेवारीला एक आई मुलींना शाळेत सोडून कुत्र्याला वायर नदीकाठी घेऊन गेली. बाकावर तिचा फोन सापडला, कामाची मीटिंग त्यावर तशीच चालू होती. मग लांबलांबून माणसं मोबाईल घेऊन त्या छोट्या गावात आली. लोकांच्या आवारात शिरली, जोडीदारावर संशय घेतला. पोलिसांनीही तिची रजोनिवृत्ती आणि दारूचा त्रास जाहीर केला. ते टाळता आलं असतं, असं पुढं चौकशीत निघालं. 19 फेब्रुवारीला ती त्याच नदीत सापडली, बाकापासून साधारण दीड किलोमीटरवर. जूनमध्ये न्यायचौकशीनं निकाल दिला की ती चुकून पाण्यात पडून बुडाली. तिला दोन लहान मुली होत्या. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

आता ग्रुपचं. जिथं लिहिलंस तिथंच परत लिही: ‘मी फक्त मोठा आवाज ऐकला होता. त्यापुढचं मला काही माहीत नाही. मी ते इथं लिहायला नको होतं. तिच्याबद्दल कृपा करून पुढं काही पाठवू नका.’ कुणी वाद घातलाच तर सांग, गेलेल्या माणसाची बदनामी करून घरच्यांना दुखावणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा ठरू शकतो. आपला जुना मेसेज मात्र जबाब देईपर्यंत पुसू नकोस, आणि तो पोलिसांना स्वतःहून दाखव.

त्या घरी तिच्या सासूकडं जा, एकटी जा. ‘माझ्यामुळं तुमच्यामागं बोलणं लागलं’ एवढं म्हण. भांडणाचा विषय तिथं काढू नकोस. जबाब दिल्याचं मात्र लपवू नकोस, त्यांना ते बाहेरून कळता कामा नये. दार लावून घेतलं तर लावू दे. महिन्याभरानं पुन्हा जा.

आणि तुझ्या लेकीला आजच विचार, शाळेत त्या मुलीला कोण काय म्हणतं. मग बाईंना भेटून ये. झोप अशीच जात राहिली तर 14416 वर फोन कर. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथं मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. कंगवा-रिबीन मात्र होती तिथंच राहू दे.

तुझी,
मावशी