उजव्या स्टिअरिंगची जॅव्हलिन वर्कशॉपने अडवून ठेवली आहे

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, आता मेलबर्नमध्ये स्थायिक आहे. व्हिक्टोरियातल्या एका शेतावर शेडमध्ये पडून असलेली १९७० सालची रॅम्बलर जॅव्हलिन ही अमेरिकन गाडी मी विकत घेतली आणि ती पुन्हा मूळ रूपात आणण्यासाठी एका वर्कशॉपकडे सोपवली. ईमेलवर ४५,००० डॉलर ठरले होते. त्यातले ३८,००० दिले. आता ते आणखी ३१,००० मागतात, शिवाय गाडी ठेवल्याचं भाडं वेगळं. काम प्रायमर मारलेल्या सांगाड्यापुढे गेलेलं नाही. मूळ डॅशबोर्ड तडकलेला होता म्हणून मला न विचारता टाकून दिला आणि अमेरिकन डॅशबोर्ड कापून बसवायचा म्हणतात. गाडीची ओळख सांगणारी जुळणी-कारखान्याची पट्टीही सापडत नाही. पैसे भरून गाडी सोडवू, की पोलिसांत जाऊ?

उत्तर : आज पैसे भरू नका, आणि चिडून टो-ट्रक घेऊन फाटकावरही जाऊ नका. गाडी आपल्या मालकीची असली तरी कुलूप तोडून ती बाहेर काढली, तर फिर्यादी तुम्ही असायला हवेत तिथे आरोपी तुम्ही व्हाल. बिलाच्या भांडणात पोलिस पडणार नाहीत, ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील. पट्टीची गोष्ट मात्र निराळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

तुमच्या पत्रात ३१,००० डॉलरचा आकडा सर्वांत मोठा दिसतो. मला मात्र डॅशबोर्डची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकन मोटर्सने जॅव्हलिन १९६८ च्या मॉडेलपासून बाजारात आणली. ऑस्ट्रेलियात तिचे सुटे भाग खोक्यांतून येत आणि पोर्ट मेलबर्नला ऑस्ट्रेलियन मोटर इंडस्ट्रीज म्हणजे ए.एम.आय. ही कंपनी ती जुळवत असे. जॅव्हलिनचं इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा अमेरिकेचा. पण उजव्या स्टिअरिंगचा डॅशबोर्ड, सीटची कव्हरं आणि आतलं बरंचसं सामान इथेच तयार झालेलं होतं. म्हणून व्ही-एट इंजिनाचा भाग हरवला तर अमेरिकेतून दुसरा मागवता येतो, हा डॅशबोर्ड अमेरिकेत कधी नव्हताच. तो टाकून देणं म्हणजे जी गोष्ट या गाडीला इतर जॅव्हलिनपेक्षा वेगळी ठरवते, तीच कचऱ्यात घालणं. मला याचं मनापासून वाईट वाटलं. आणि कायद्याच्या दृष्टीनेही तुमची सर्वांत भक्कम बाजू हीच आहे.

ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याच्या कलम ६० नुसार सेवा देणाऱ्याने योग्य काळजी आणि कौशल्याने काम करायला हवं. कलम ६१ म्हणतं, की ग्राहकाने कामाचा हेतू सांगितला असेल, तर काम त्या हेतूला उतरलं पाहिजे. मुदत ठरलेली नसेल तर ते वाजवी वेळेत पूर्ण व्हावं, हे कलम ६२. ‘आमच्या अटींमध्ये असली हमी नाही’ असं वर्कशॉपने कितीही बारीक अक्षरांत छापलं, तरी कलम ६४ प्रमाणे या हमी काढून घेता येत नाहीत. तेव्हा सुरुवातीची ईमेल्स काढा. ‘गाडी ए.एम.आय.मधून निघाली तशी हवी’ असं एका ओळीत जरी लिहिलेलं सापडलं, तर तुमचा हेतू त्यांना माहीत होता हे सिद्ध होतं. मग तडकलेला डॅशबोर्ड दुरुस्त न करता आणि न विचारता टाकणं याचा बचाव त्यांना फार अवघड जाईल.

दुसरं म्हणजे, गाडी त्यांच्या ताब्यात ठेव म्हणून होती. ठेवलेली वस्तू हरवली तर आपण नीट काळजी घेतली होती, हे ताबा घेणाऱ्याने दाखवायचं असतं. पट्टी कशी गेली हे तुम्ही शोधून सिद्ध करायची गरज नाही. तिचा हिशेब त्यांच्याकडे मागा.

आता गाडी अडवून ठेवण्याबद्दल. दुरुस्ती करणाऱ्याला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू रोखून धरण्याचा हक्क इथल्या कायद्यात आहे, हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. पण हा हक्क तुम्ही परवानगी दिलेल्या आणि गाडी सुधारणाऱ्या कामापुरताच असतो. डॅशबोर्ड टाकून देण्याने गाडी सुधारली नाही. शिवाय वर्कशॉपने स्वतःच्या बिलासाठी गाडी अडवली, तर त्या अडवणुकीच्या दिवसांचं भाडं ते या हक्काखाली मागू शकत नाहीत. करारात वेगळं लिहून दिलं असेल तर गोष्ट निराळी, म्हणून सही केलेला प्रत्येक कागद वाचा.

त्या ४५,००० च्या ईमेलमध्ये नक्की काय म्हटलंय हेही पाहा. ठरलेला भाव दिला असेल, तर मान्यतेशिवाय वरचे पैसे मागता येत नाहीत. नुसता अंदाज दिला असेल तर थोडी वाढ चालते, पण जुन्या गाडीत लपलेला गंज निघाला की थांबून विचारणं, फोटो पाठवणं हे त्यांचं काम होतं. गंज निघतोच. पन्नास वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीत तो निघणार हे जाणकार कारागिराला आधीच ठाऊक असतं.

या आठवड्यात एक लेखी पत्र पाठवा, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने. त्यात कामाच्या तासांचा आणि सुट्या भागांचा तपशीलवार हिशेब मागा. काढलेला प्रत्येक भाग, डॅशबोर्डचे उरलेले तुकडेसुद्धा जपून ठेवायला सांगा. पुढचं काम ताबडतोब थांबवायला सांगा. आणि तज्ज्ञाबरोबर गाडी पाहण्यासाठी दिवस मागा. मागणी अमान्य आहे हे स्पष्ट लिहा. न उचललेल्या वस्तू नोटीस देऊन विकण्याची सोय व्हिक्टोरियाच्या कायद्यात आहे, त्यामुळे त्यांची कुठलीही नोटीस आली तरी उत्तराशिवाय पडू देऊ नका.

गाडी पाहायला जाताना क्लासिक गाड्यांचं मूल्यांकन करणारा माणूस सोबत हवाच, आणि जमलं तर रॅम्बलरच्या क्लबातला एखादा जुना सभासदही. स्थानिक डॅशबोर्ड असलेली जॅव्हलिन आणि अमेरिकन डॅशबोर्ड कापून बसवलेली जॅव्हलिन यांच्या किमतीतला फरक त्यांच्याकडून लेखी घ्या. भरपाईचा आकडा या कागदावर उभा राहणार आहे; तुमच्या माझ्या हळहळीला तिथे किंमत नाही. बॉडीवरचा चासी क्रमांक जागेवर आहे का, याचाही फोटो काढा. पट्टी वर्कशॉपमध्ये नसेल, दुसऱ्या कुणाच्या गाडीवर लावण्यासाठी गेली असेल अशी शंका आली, तर तेव्हा पोलिसांकडे जा. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीची ओळख चिकटवण्याचे प्रकार घडतात आणि पोलिस ते गांभीर्याने घेतात.

पत्राला उत्तर आलं नाही तर व्हीकॅट, म्हणजे व्हिक्टोरियाचं दिवाणी आणि प्रशासकीय न्यायाधिकरण. ग्राहक आणि व्यापाऱ्याच्या वादात तिथे रकमेची कमाल मर्यादा नाही. तिथे बहुतेक वेळा माणूस स्वतःच उभा राहतो, वकील आणायला सहसा परवानगी लागते. त्यामुळे कागद तारखेनुसार लावलेले हवेत. निकाल लागेपर्यंत गाडी विकू नये वा तिला हात लावू नये, असा अंतरिम आदेश मागता येतो. वादातली रक्कम वकिलाच्या ट्रस्ट खात्यात ठेवतो, गाडी सोडा, हा प्रस्तावही आधी लेखी देऊन पाहा. काही वर्कशॉप इथेच नरमतात. अगदीच नाइलाज झाला, छप्पर गळतंय, पत्रा पुन्हा गंजतोय अशी स्थिती दिसली, तरच हक्क राखून आणि निषेध नोंदवून पैसे भरा. ते शब्द पावतीच्या ईमेलमध्ये हवेतच.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. इतकं मागे पडलेलं वर्कशॉप बंद पडण्याच्या वाटेवरही असू शकतं. तसं झालं तर लिक्विडेटरला, म्हणजे बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याला, गाडी तुमची आहे हे पटवावं लागेल. खरेदीची पावती, शेडमधले फोटो, बँकेच्या नोंदी एकत्र ठेवा. पी.पी.एस.आर. या गाड्या वगैरे वस्तूंवरच्या बोजांच्या सरकारी नोंदवहीत दोन डॉलर भरून गाडीच्या क्रमांकावर शोध घ्या आणि कुणाचा बोजा चढलेला नाही ना ते पाहा.

इंजिनाची गास्केट, क्लच आणि ब्रेकचं जुनं सामान अमेरिकेहून स्वतः मागवणार आहात, असंही तुम्ही लिहिलं आहे. ते मात्र सध्या थांबवा. ॲस्बेस्टॉस असलेल्या मालावर ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून संपूर्ण बंदी आहे आणि त्या काळच्या गास्केट-ब्रेक लायनिंगमध्ये ते हमखास असे. सीमेवर माल अडकला तर तपासणीचा खर्च तुमचा, आणि दंड वेगळा. विक्रेत्याकडून ॲस्बेस्टॉसमुक्त नव्या उत्पादनाचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.