वीस वर्षांनी माळ्यावरची मॉडेल रेल्वे खाली काढली आहे. पुन्हा सुरुवात कुठून करू? सगळं नवीन घेऊन थेट डीसीसीवर (डिजिटल संदेशांनी इंजिन चालवायच्या पद्धतीवर) जावं का?

तुम्ही लिहिलंय की हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचं ओओ मापाचं (१:७६) एक इंजिन, चार डबे, खोकंभर रूळ आणि जुना कंट्रोलर एवढं सामान आहे. माझं मत स्पष्ट आहे. डीसीसी तूर्त बाजूला ठेवा. आधी एक मीटर सरळ रुळावर हे एक इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसीवर गोगलगाईच्या चालीने, न अडखळता पुढे-मागे जायला हवं. डीसीवर अडखळणारं इंजिन डीसीसीवरही अडखळतंच, आणि वर डीकोडर (इंजिनात बसणारी डीसीसीची चकती) जळण्याची भीती.

जुना कंट्रोलर मात्र वापरू नका. इतक्या वर्षांत २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकू शकतं. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले नव्या कंट्रोलरवर करा. तो येईपर्यंत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी चाचणीला पुरतात.

पण बॅटरी लावायच्या आधी इंजिन उघडा. आतलं ग्रीस वाळून पिवळ्या मेणासारखं झालेलं असणार. तशा अवस्थेत वीज दिली तर मोटर जोर लावते, तापते, आणि वेटोळं जळू शकतं. वर्म गिअर (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) असेल तर चाकं हाताने फिरवू नका, दात जातात. त्याऐवजी आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वेटोळ्यांचा भाग) बोटाने फिरवून कुठे अडतंय ते बघा. वाळलेलं ग्रीस आधी लाकडी टूथपिकने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. रंगावर अल्कोहोल जाऊ देऊ नका, जुना रंग सुटतो.

आता कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तो भाग ज्यावर कार्बनचे ब्रश टेकून वीज देतात. त्यावर तांब्याच्या बहुधा तीन पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये तेवढ्याच बारीक फटी असतात. या फटींत ब्रशची काळी भुकटी साचते आणि पाकळ्या आपसात जोडल्या जातात. मोटर गुरगुरते, तापते पण फिरत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. फटी टूथपिकच्या टोकाने मोकळ्या करा, पाकळ्या अल्कोहोलने पुसून तांबूस चमक आणा. सॅंडपेपर नको. जुन्या उघड्या मोटरचं चुंबक सुटं करू नका. आर्मेचर बाहेर काढलं की त्या चुंबकाचा जोर कमी होतो आणि मग इंजिन जास्त वीज खाऊन कमी ओढतं.

तेल प्लास्टिकला चालणारं, हलकं घ्या. सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, मोहरीपेक्षाही लहान थेंब, फक्त बेअरिंग आणि धुऱ्यांना. कम्युटेटरवर तेल गेलं की पुन्हा काळा चिखल. गंज सोडवायचा घरगुती स्प्रे इथे अजिबात मारू नका.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज आला तर धुऱ्यावरचं प्लास्टिकचं गिअर चिरलेलं असतं. त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, नवं गिअरच बसवावं लागतं. ओतीव जस्ताची चासी फुगून तडे गेले असतील तर तिला इलाज नाही. बाकीचे सुटे भाग काढून ठेवा.

रुळांची पारख चुंबकाने होते. चुंबक चिकटला तर पोलाद: टाकून द्या, आपल्या पावसाळ्यात ते गंजतच राहणार. पिवळट दिसले तर पितळ: आज घासले तरी लवकर काळवंडतात. पांढरट आणि चुंबकाला न चिकटणारे ते निकेल सिल्व्हर, ते ठेवा. सांध्यांवरच्या फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या) ढिल्या असतात. बारीक पकडीने आवळा किंवा नव्या घाला.

नवे रूळ घेताना कोड १०० घ्या. पट्टी २.५४ मिमी उंच असते, त्यामुळे जुन्या चाकांच्या खोल कडा त्यावर चालतात. कोड ७५ दिसायला सुंदर, पण जुनी चाकं त्यावर स्लीपरच्या खिळ्यांना घासत जातात. डबा दर वेळी पॉइंटवरच (रूळ दुभागतात तिथे) उतरत असेल तर रुळांना दोष देण्याआधी दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ते १४.५ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर एक चाक धुऱ्यावर हलकेच पिरगाळत बाहेर सरकवा.

दुकानात एचओ या दुसऱ्या मापाचं सामानही दिसेल. गेज (दोन रुळांमधलं अंतर) तेच, १६.५ मिमी, म्हणून रुळावर चालेल. पण एचओ १:८७ आणि ओओ १:७६, त्यामुळे शेजारी जोडलेला एचओचा डबा बुटका दिसतो. मिसळू नका.

पाटासाठी ८ बाय ४ फुटांचा वॉटरप्रूफ प्लाय, १२ मिमी, खाली लाकडी चौकट. वळणं ४३८ मिमी त्रिज्येची, बाहेरची जोडलाइन ५०५ ची. ३७१ ची जुनी वळणं बरीच नवी इंजिनं घेत नाहीत. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना व्हार्निश द्या. पावसाळ्यात रूळ वाकडे होतात त्यात उन्हापेक्षा फुगणाऱ्या लाकडाचा हात जास्त असतो. साधारण मीटरभर अंतरावर सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडा. खिळे घट्ट ठोकू नका. स्लीपर मधोमध दबला की गेज आवळतं आणि गाडी तिथेच उतरते.

विजेसाठी पाटाखाली १.५ चौ. मिमीच्या दोन मुख्य वायरी आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौ. मिमीची जोडणी. फिशप्लेटवर विसंबू नका. सोल्डर पट्टीच्या बाहेरच्या बाजूला, रोझिन फ्लक्स लावून. ॲसिड फ्लक्स नको, जोड काही महिन्यांत हिरवा पडतो. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं, दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. कमी तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकवल्यानेच स्लीपर वितळतात.

एवढं झाल्यावर डीसीसी. जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश थेट चासीला जोडलेला असतो. दोन्ही ब्रश चासीपासून तोडल्याशिवाय डीकोडर लावला तर तो पहिल्याच क्षणी जातो. काही मोटरींत ब्रशच्या स्प्रिंगच्या एका टोकावर विजेपासून वेगळं ठेवणारी बारीक नळी असते, तशीच दुसऱ्या टोकावर चढवायची. मग मल्टिमीटरने प्रत्येक चाक आणि प्रत्येक ब्रश यांच्यात तपासा: बीप वाजता कामा नये. शेवटी १२ व्होल्टवर चाकं सेकंदभर धरून करंट मोजा. तो डीकोडरच्या क्षमतेपेक्षा, साधारण १ अँपिअरपेक्षा, जास्त असेल तर हे इंजिन डीसीवरच राहू द्या आणि डीसीसीसाठी पुढे नवं घ्या. बिनडीकोडरचं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करून ठेवू नका, मोटर गुणगुणत तापत राहते.

आणि ती माळ्यावरची खोकी: जुना फोम चिकट झाला असेल तर आजच काढा, तो रंगाला धरतो. डांबरगोळ्याही काढा, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडू शकतं. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबे टिश्यू पेपरमध्ये गुंडाळा.