वाचकांचे प्रश्न : सॅक सगळ्यात शेवटी घ्या

भटकंतीसाठी हलकी आणि अनेक कामांना चालणारी सॅक कशी निवडावी, याबद्दल आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एका दिवसाची भटकंती, कधी एखादी रात्र तंबूत आणि एरवीचा प्रवास, या सगळ्याला चालेल अशी एकच हलकी सॅक हवी आहे. ३० लिटरची पुरेल की सरळ ५० ची घेऊन टाकू?

उत्तर : आधी सामान, मग सॅक. बहुतेक जण उलटं करतात आणि सॅकच्या मापाचं सामान जमवत बसतात. मुक्कामाला नेता ते सगळं, म्हणजे स्लीपिंग बॅग, मॅट, तंबूतला तुमचा वाटा, जादा कपडे, भांडी, औषधं, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. सॅकमध्ये जितकं दाबून भराल तितकंच दाबा. खोक्याची लांबी, रुंदी आणि सामान जिथवर आलं ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागा. ३० × २५ × ४२ आलं तर झाले साडेएकतीस लिटर. त्यात माणशी एका दिवसाच्या कोरड्या खाण्याला दोन लिटर धरा. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशांत जातात, त्या यात मोजू नका.

हा हिशेब बरेचदा ३५ ते ४० च्या आसपास येतो आणि तुमच्या तिन्ही कामांना तेच माप सोयीचं. २०-२५ लिटरची सॅक एका दिवसाला उत्तम, पण मुक्कामाचं सामान तिच्यात मावत नाही आणि मग मॅट, तंबू बाहेर लोंबकळतात. ५० ची अर्धी रिकामी नेली तर सामान तळाशी गोळा होतं, ओझं पाठीपासून सुटतं आणि खांदे मागे ओढले जातात. शिवाय रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच. ४० ची सॅक एका दिवसापुरती लहान मात्र करता आली पाहिजे. त्यासाठी दोन्ही बाजूंना आवळायचे पट्टे हवेत आणि तोंड गुंडाळून बंद होणारं हवं. कमरपट्टा काढता येत असेल तर प्रवासात तो कशात अडकत नाही.

लिटरचा आकडा डोळे झाकून घेऊ नका. सॅकचं आकारमान मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम एफ२१५३. तिच्यात २० मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या भरून मोजतात. पण लेबलवर कुणी नुसता मुख्य कप्पा लिहितो, तर कुणी बाहेरची जाळी आणि बाजूचे खिसेही त्यात मिळवतो. त्यामुळे दोन सॅकवर ‘४०’ लिहिलेलं असलं तरी मुख्य कप्पा पाच-सात लिटरने लहानमोठा निघू शकतो. तुलना करायची ती मुख्य कप्प्याची.

प्रश्न : ४० लिटरच्या दोन सॅक पाहून ठेवल्या आहेत. एक ७०० ग्रॅमची, बिनफ्रेमची. दुसरी १३०० ग्रॅमची, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जाड कमरपट्टा. ६०० ग्रॅम वाचत असताना जड सॅक कशाला घ्यायची?

उत्तर : भरल्या सॅकचं वजन मांडून बघू. स्लीपिंग बॅग ९०० ग्रॅम, मॅट ४००, तंबूतला वाटा १०००, कपडे आणि पावसाळी जाकीट १२००, स्टोव्ह, गॅस आणि भांडी ६००, दिवा, औषधं आणि किरकोळ वस्तू ६००. हे झाले ४ किलो ७००. दोन दिवसांचं खाणं १४०० आणि दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. एकूण ८ किलो १००. हलक्या सॅकसकट ८ किलो ८००, जडसकट ९ किलो ४००.

बिनफ्रेमची सॅक साधारण ७ ते ८ किलोपर्यंत सुखाची असते. त्यापुढे तिचं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कमरपट्टा काम करतो तो ओझं कमरेच्या हाडांवर टेकवून. पण वरचं ओझं कमरेपर्यंत पोचवायला मध्ये काहीतरी ताठ लागतं. पट्ट्या नसल्या की सॅक मधोमध चुरगळते, खांद्याचे पट्टे जिथे शिवलेले असतात ती जागा खाली सरकते आणि कमरपट्टा कितीही आवळला तरी भार पुन्हा खांद्यांवर येतो. ६०० ग्रॅम वाचवून खांद्यांना चार-पाच किलो जादा दिले, असा तो व्यवहार होतो.

हे घरी तपासता येतं. रिकामी सॅक ताठ धरून खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळापासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग पूर्ण सामान आणि पाणी भरून पाठीवर घ्या, कमरपट्टा आवळा, दहा मिनिटं जिने चढा-उतरा आणि कुणाकडून तरी तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. दोन बोटांहून जास्त कमी झालं असेल तर ती सॅक त्या ओझ्याची नाही.

तरीही बिनफ्रेमचीच घ्यायची असेल तर फोमची मॅट चार घड्या करून पाठीकडच्या बाजूला उभी सरकवा आणि स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून लहान गोळा करण्याऐवजी तळाशी मोकळी पसरा. सगळे कोपरे भरले की सॅक स्वतःच ताठ उभी राहते. अर्धवट भरलेली बिनफ्रेमची सॅक हा सगळ्यात वाईट प्रकार. मुळात सामानातून किलोभर कमी झालं, तर ७०० ग्रॅमवालीच योग्य ठरेल. म्हणूनच सॅक शेवटी घ्यायची. आजच्या तुमच्या सामानाला १३०० ग्रॅमवाली घ्या आणि तिचं वरचं टोपण सुटं होत असेल तर ते घरी ठेवा. टोपण, चेन आणि जादा कप्पे मिळून दीडदोनशे ग्रॅम सहज जातात आणि यातलं काहीच ओझं पेलत नाही.

प्रश्न : माझी उंची १७८ सेंटिमीटर, म्हणून ‘लार्ज’ मापाची सॅक घेतली. तरी दोन तासांत खांदे भरून येतात आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात.

उत्तर : सॅकचं माप उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. उंच माणसाचे पाय लांब आणि धड आखूड असू शकतं. मान पुढे वाकवा. मानेच्या मुळाशी जो मणका सगळ्यात ठळक वर येतो, ती मापाची सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की तळवे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे येतील. अंगठ्यांना जोडणारी आडवी रेष म्हणजे शेवट. कापडी टेप कण्याच्या बाकासोबत टेकवून दुसऱ्या कुणाकडून माप घ्या. बहुतेक मोठ्या माणसांचं ते ४० ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. एकाचं ‘मीडियम’ म्हणजे दुसऱ्याचं ‘स्मॉल’ असू शकतं, तेव्हा अक्षर सोडा आणि सेंटिमीटरचा तक्ता बघा.

तुमच्या बाबतीत सॅकची पाठ बहुधा लांब पडते आहे. अशी सॅक घातली की कमरपट्टा हाडांवरून घसरून खाली नितंबांवर येतो, नाहीतर पट्टा जागेवर ठेवला तर खांद्याचे पट्टे खांद्यांच्या वर उचलले जातात. पुन्हा बसवून बघा. सॅकमध्ये सातेक किलो घाला आणि सगळे पट्टे सैल करा. आधी कमरपट्टा, त्याचा मध्य हाडाच्या कडेवर येईल असा, आणि घट्ट. मग खांद्याचे पट्टे, फट राहणार नाही इतकेच. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे. ते ३० ते ४५ अंशांच्या कोनात वर चढत जायला हवेत. ते आडवे किंवा खाली उतरत असतील तर सॅकची पाठ आखूड आहे. छातीचा पट्टा शेवटी, गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या तीन बोटं खाली. आता खांदा आणि पट्टा यांच्यामध्ये तळहात सरकवून बघा. तो अलगद गेला पाहिजे. ओढून काढावा लागला तर भार अजून खांद्यांवरच आहे.

मुंग्यांचं कारण असं, की हातात जाणाऱ्या नसा मानेतून गळ्याखालच्या त्या आडव्या हाडामागून काखेत उतरतात आणि काचणारा पट्टा नेमका तिथे दाब देतो. अरुंद पट्ट्यांनी हे लवकर होतं. मुंग्या सुरू होताच खांद्याचे पट्टे सैल करा, भार कमरेवर घ्या. सॅक उतरवल्यावरही बधिरपणा राहिला किंवा हात उचलायला जड जाऊ लागला, तर ओझं वाहणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. नसेवर दाब राहिला तर हाताची ताकद कमी झाल्याचे प्रकार घडतात.

प्रश्न : वॉटरप्रूफ कापडाची सॅक घेतली की रेनकव्हर लागत नाही ना? आणि किती डेनिअरचं कापड चांगलं?

उत्तर : कापड वॉटरप्रूफ असलं तरी सॅक वॉटरप्रूफ होत नाही. सुईच्या प्रत्येक टाक्याला भोक पडतं, चेन गळते आणि घामाने पाठीकडची बाजू ओली होते ती वेगळीच. शिवणींवर आतून टेप चिकटवलेला असेल तरच काही भरवसा. रेनकव्हरही अपुरंच, कारण पाठीकडची बाजू उघडी राहते आणि तिथून ओघळलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साठतं. वाऱ्यात ते उडतं, झुडपात फाटतं. सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, ५० मायक्रॉनच्या पुढची. कोरडं ठेवायचं ते सगळं तिच्यात जाऊ दे, हवा काढा, तोंडाला पीळ द्या आणि तो पीळ दुमडून बाजूला खोचा. ओला तंबू पिशवीच्या बाहेर. शंभरेक ग्रॅममध्ये काम होतं आणि पिशवी फाटली तर बदलता येते.

डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा वाढला तर धागा जाड, एवढाच अर्थ. ७० डेनिअरच्या नायलॉनची सॅक फार हलकी होते, पण खडकाला घासून बसायची सवय असेल तर तळ लवकर विरतो. एकच सॅक सगळीकडे वापरायची असेल तर अंगाला २१० डेनिअरचं चौकडीच्या विणीचं नायलॉन आणि तळाला ४२० च्या आसपास, हा मला सगळ्यात शहाणपणाचा मेळ वाटतो. डायनीमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं कॉम्पोझिट कापड विणलेलं नसतं. दोन पातळ पापुद्र्यांमध्ये धागे चिकटवलेले असतात. ते पाणी आत सोडत नाही, ताणलं जात नाही, वजनाला नगण्य असतं, पण घासलं गेलं की वरचा पापुद्रा जातो. सामान आटोक्यात आलेल्या माणसाने घ्यायची ती चीज आहे, पहिल्या सॅकसाठी नव्हे.

प्रश्न : पाठीला हवा लागावी म्हणून ताणलेली जाळी असलेली सॅक घ्यावी का?

उत्तर : घाम फार येत असेल आणि ओझं पाच-सहा किलोच्या आत असेल तर जरूर. जाळीमुळे ओझं पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जातं, तेवढं ते जास्त ओढतं. फ्रेमच्या बाकामुळे आतला कप्पाही वाकडा होतो, सपाट आणि कडक वस्तू नीट बसत नाहीत.

प्रश्न : सॅकची चेन लावली तरी मागून उघडत जाते. दात शाबूत आहेत. चेन बदलावी लागेल का?

उत्तर : दात शाबूत असतील तर दोष बहुधा रनरचा. वापरून त्याच्या मागच्या दोन कडा फाकतात आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. आधी जुन्या टूथब्रशने माती काढा. मग रनर चेनच्या सुरुवातीला आणून मागच्या टोकाच्या कडा पकडीने दाबा, एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला तितकंच, आणि प्रत्येक दाबाला चालवून बघा. एका दमात दाबलात तर रनर अडकेल किंवा तुटेल. पुन्हा फाकला तर फक्त रनर बदलून घ्या. त्याच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा असतो, तोच आकडा आणि त्याच जातीच्या दातांचा रनर हवा. नवी सॅक घेताना मुख्य तोंडाला ८ किंवा १० नंबर बघा. ५ नंबर लहान खिशांना ठीक.

प्रश्न : बरीच वर्षं पडून असलेली सॅक आतून चिकट झाली आहे, आंबट वास येतो. वापरता येईल का?

उत्तर : आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेने विघटित झाला आहे. धुऊन तो परत नीट होत नाही. शिवणी आणि पट्ट्यांची मुळं ओढून बघा. तिथले टाके मजबूत असतील तर सॅक उलटी करून कोमट पाणी, सौम्य साबण आणि ब्रशने सुटेल तेवढा लेप खरवडून काढा. पाणी अडवायचं काम यापुढे आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं. वॉशिंग मशीनमध्ये मात्र घालू नका, फोम आणि उरलेला लेप दोन्ही जातील. वाळवायची ती सावलीत, तोंड खाली करून, सगळे खिसे उघडे ठेवून. नवी सॅकही प्रत्येक फेरीनंतर अशीच पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवा.